लेख गेला कुठे? मोटरसायकलवरच्या प्रवासलेखांबद्दल वाचकांचे प्रश्न

दोन चाकांवर फिरून आल्यावर ब्लॉगवर लिहिणारे वाचक बरेच आहेत, हे या महिन्याच्या पत्रांवरून दिसलं. गंमत म्हणजे 'कसं लिहावं' असं विचारणारी पत्रं थोडी, 'लिहिलेलं कुठे गेलं' असं विचारणारी जास्त. तेव्हा उत्तरांचा कलही तिकडेच आहे.

प्रश्न : लॉजवर बसून मोबाइलवर दोन तास लेख लिहिला. 'प्रसिद्ध करा' दाबल्यावर लॉगिनचं पान आलं. मागे गेलो तर चौकट रिकामी. तो लेख परत मिळेल का? (चिपळूण)

उत्तर : मिळू शकतो, पण घाई करू नका. तो टॅब बंद करू नका आणि पान रिफ्रेशही करू नका. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल तर तो लिहिता लिहिता दोन ठिकाणी प्रत ठेवतो. एक सर्व्हरवर, साधारण दर मिनिटाला. दुसरी तुमच्या ब्राउझरच्या त्याच टॅबमध्ये. टॅब गेला की दुसरी प्रतही गेली. म्हणून त्याच टॅबमध्ये पुन्हा लॉगिन करा, लेखांच्या यादीत जाऊन मसुदा उघडा. ब्राउझरमधली प्रत वेगळी असेल तर वर एक पट्टी येते आणि ती प्रत परत आणायची का, असं विचारते. लगेच हो म्हणू नका. आधी समोरचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवा, मग हो म्हणा. कचऱ्याच्या पेटीतही डोकावा, तिथे टाकलेला लेख ३० दिवस राहतो.

असं का होतं? वर्डप्रेसचं लॉगिन 'मला लक्षात ठेवा' या चौकटीत खूण केली नसेल तर २ दिवस टिकतं, केली असेल तर १४ दिवस. शुक्रवारी रात्री घरून लॉगिन करून निघालेला माणूस रविवारी रात्री लॉजवर लिहायला बसतो तेव्हा मुदत संपलेली असते. त्यात घाटाखालच्या गावात नेटवर्क येऊन-जाऊन. सर्व्हरवरची प्रत नेट असेल तरच जाते.

'ब्लॉगर' ही गूगलची ब्लॉगसेवा वापरणाऱ्यांना वेगळा इशारा. तिथे मसुदा आपोआप जतन होतो, पण जुन्या आवृत्त्यांचा इतिहास नसतो. चुकून सगळा मजकूर निवडला गेला, बोट 'पुसा'वर पडलं आणि तेवढ्यात आपोआप जतन झालं, तर रिकामं पान इमानेइतबारे जतन होतं. अशा वेळी पान न सोडता आधी 'अन-डू' करा.

खरा उपाय मात्र एकच : ब्लॉगच्या चौकटीत लिहूच नका. फोनमधल्या नेट नसताना चालणाऱ्या नोंदवहीत साधा मजकूर लिहा आणि पूर्ण झाल्यावर चौकटीत चिकटवा. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. '२०२५-०८-१४ वरंधा' अशी नावं असली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतो. वेबसाइट म्हणजे दुकानाची दर्शनी काच. माल आत, आपल्या गोदामात हवा.

प्रश्न : राइडनंतर आठवड्याने लिहायला बसलो की सगळे घाट एकसारखेच वाटतात. वाटेत नेमकं काय टिपून ठेवावं? (सोलापूर)

उत्तर : पेट्रोल पंप हीच नोंदीची जागा ठरवा. तिथे थांबावंच लागतं, हातमोजे निघतात, फोन बाहेर येतो. दर वेळी पाच गोष्टी : मीटरचं रीडिंग, लिटर, रक्कम, वेळ, गाव. टाकी प्रत्येक वेळी त्याच पातळीपर्यंत भरा, नाहीतर मायलेजचा आकडा म्हणजे नुसता अंदाज. मागच्या फुल टाकीपासून ३१२ किलोमीटर झाले आणि आता ९.६ लिटर बसलं, तर ३२.५. '५०० रुपयांचं टाकलं' या नोंदीतून वर्षभराने काहीच निघत नाही. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. पंपावरची पावती थर्मल कागदाची असते, टँक बॅगेतल्या उन्हाने ती काळवंडते किंवा अक्षरं उडून जातात.

दुसरी सवय आवाजाची. चालत्या गाडीवर हेल्मेटमधल्या माइकवर बोलण्याचा मोह टाळा. वाऱ्याच्या घोंगावण्यात शब्द सापडत नाहीत आणि लक्ष रस्त्यावरून उडतं ते वेगळंच. गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून, अर्धा मिनिट बोला. पहिलं वाक्य नेहमी जागा आणि वेळ. फोनचा साधा रेकॉर्डर ६४ केबीपीएसवर ठेवला तर एका मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही, तेव्हा जागेची चिंता नको.

अॅक्शन कॅमेरा असेल तर एक छोटी युक्ती. रोज सकाळी त्या कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढा. बॅटरी पूर्ण उतरली किंवा काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं, आणि मग दुपारचा फोटो मध्यरात्रीचा दिसतो. घड्याळाचा फोटो असेल तर फरक किती ते कळतं आणि सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते. त्याच कॅमेऱ्यात 'लूप' चालू नाही ना, तेही बघा. लूपमध्ये कार्ड भरलं की सर्वात जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणजे नेमकी निघतानाची सकाळ.

रात्री मुक्कामी पंधरा मिनिटं. सुंदर वर्णन नंतर घरी करता येतं, तपशील येत नाहीत. दाभोळ–धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडली असेल तर धक्क्यावर किती वाजता पोहोचलात, कितीची बोट मिळाली, गाडीचे आणि माणसाचे किती पैसे दिले, हे तारखेसह लिहा. रस्ता खराब असेल तर 'रस्ता वाईट होता' असं नको. कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत आणि काय वाईट : खडी, चिखल की खणून ठेवलेली बाजू. भोर–महाड रस्त्यावरचा वरंधा घाट अलीकडच्या पावसाळ्यांत प्रशासन वाहतुकीला बंद करत आलं आहे. त्या घाटावरच्या लेखात महिना-वर्ष नसेल तर तो वाचून निघालेला माणूस अडथळ्याच्या पाटीपासून परत फिरतो, आणि वाटेत तुमची आठवण काढतो.

प्रश्न : गूगलच्या टाइमलाइनवरून जुने मार्ग काढून लेखात नकाशा द्यायचो. नवा फोन घेतला आणि सगळं कोरं. शिवाय जीपीएसवर गुहागरच्या किनाऱ्यावर उंची उणे साठच्या आसपास दिसते, हे काय? (पुणे)

उत्तर : टाइमलाइनचा साठा २०२४ पासून गूगलच्या सर्व्हरवरून तुमच्या फोनमध्ये हलवला गेला आणि संगणकावर ती पाहायची सोय बंद झाली. म्हणजे फोन बदलला, हरवला किंवा फॉरमॅट झाला की मार्ग गेले, बॅकअप आधी चालू केला असेल तरच परत येतात. आपोआप पुसण्याची मुदतही तपासा, ती तीन महिन्यांवर असू शकते. लेखासाठी टाइमलाइनवर विसंबणं मुळात बरोबर नाही. ती माणूस कुठे होता हे सांगते, रस्ता नाही.

मार्ग वेगळा रेकॉर्ड करा आणि जीपीएक्स फाइल (मार्गातल्या बिंदूंची नोंद) म्हणून ठेवा. ऑसमअँडसारखं अॅप नेटशिवाय हे करतं. दर ५ सेकंदांना एक बिंदू पुरेसा. आठ तासांचे ५,७६० बिंदू होतात आणि फाइल साधारण एक एमबीच्या आतबाहेर राहते. रेकॉर्डिंग नासतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने : फोनची बॅटरी बचत अॅपला झोपवते. मग नकाशावर घाटाची वळणं जाऊन दरीवरून सरळ रेघ दिसते. सेटिंगमध्ये त्या अॅपपुरती बॅटरीची मर्यादा काढून टाका आणि निघाल्यावर दहा मिनिटांनी चहाला थांबाल तेव्हा रेघ उमटतेय का ते बघा.

जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्येही उघडते. हाच तिचा मोठा गुण. अॅप बंद पडलं तरी फाइल वाचता येते. उघडल्यावर वेळ चुकल्यासारखी वाटेल, कारण ती जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रविवारी पहाटे ५ ला निघालात तर फाइलमध्ये शनिवारचे २३:३० दिसतील. फाइलला नाव देताना यात अनेकांची तारीख चुकते.

उंचीचं कोडं. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून; समुद्रसपाटीपासून नव्हे. भारतात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, कोकण किनाऱ्यावर साधारण साठ-सत्तर मीटर. ज्या अॅपमध्ये ही दुरुस्ती केलेली नसते ते तुम्हाला वाळूत उभं करून पाण्याखाली दाखवतं. सेटिंगमध्ये उंचीच्या दुरुस्तीचा पर्याय असेल तर चालू करा, आणि लेखात उंची देताना आकडा कुठून घेतला तेही लिहा. पाट्यांवर विसंबू नका. लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट, म्हणजे ५,६०२ मीटर लिहिलेलं होतं. आधुनिक मोजणीत खिंड ५,३५९ मीटर भरते. पाटीसमोर फोटो जरूर काढा, पण फोटोखाली दोन्ही आकडे द्या.

फाइल लोकांना देण्याआधी सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक किलोमीटर कापा. नाहीतर गाडी रोज रात्री कुठे उभी असते त्याचा नकाशाच दिलात.

प्रश्न : २०१२–१३ मधल्या लेखांतले फोटो गायब, मजकूर शाबूत. बॅकअपची फाइल उतरवून ठेवली होती, तिच्यातही फोटो नाहीत. (ठाणे)

उत्तर : कारण फोटो लेखात नव्हतेच. लेखात होता फक्त फोटोचा पत्ता, फोटो दुसऱ्याच्या घरी. ते घर बदललं की चौकट रिकामी. फोटो साठवणाऱ्या फोटोबकेट या साइटने २०१७ मध्ये इतर साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली तेव्हा जगभरच्या राइडर मंडळींची प्रवासवर्णनं एका आठवड्यात आंधळी झाली. पिकासाचे वेब अल्बम २०१६ मध्ये बंद झाले. फ्लिकरने फुकटच्या खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा २०१९ पासून लावली. यात फसवणूक कोणी केली नाही, फुकटचा मुक्काम होता तो संपला.

बॅकअपचंही तसंच. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसमधून निर्यात केलेली फाइल मजकूर, तारखा, प्रतिक्रिया नेते; फोटोंचे फक्त पत्ते नेते. फाइल पाचसहा एमबीची असेल तर ओळखा की आत फोटो नाहीत. फोटो वेगळे उतरवावे लागतात.

गेलेले फोटो शोधायचे तर आधी वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये लेखाचा जुना, पूर्ण पत्ता टाका. वेगवेगळ्या तारखांच्या प्रती उघडून बघा, एका प्रतीत नसलेला फोटो दुसरीत सापडतो. मग जुन्या ईमेलमधली जोडपत्रं, मित्रांचे फोन, जुनी मेमरी कार्डं. पुढच्या प्रत्येक लेखाचं पान प्रसिद्ध झाल्यावर वेबॅक मशीनमध्ये स्वतः जतन करा, एका मिनिटाचं काम आहे. पण तीच एकमेव प्रत ठेवू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर ते संकेतस्थळही काही दिवस बंद होतं.

घरची मांडणी अशी : दर प्रवासाला एक फोल्डर, त्यात मजकुराची फाइल, जीपीएक्स, आणि लेखात वापरलेले फोटो. फोटोची लांब बाजू १,६०० पिक्सेल, जेपीजी, दर्जा ८० टक्के. असा फोटो सहसा २५० ते ४०० केबीत बसतो. वीस फोटोंचा लेख आठ एमबीच्या आत. हा फोल्डर तीन ठिकाणी ठेवा : संगणकात, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि घराबाहेर कुठेतरी, मग ते क्लाउड असो की भावाचं कपाट. मूळ फोटोंचा साठा वेगळा. आणि सहा महिन्यांतून एकदा डिस्क लावून एखादी फाइल खरंच उघडा. कपाटात ठेवलेली डिस्क चालू आहे, अशी आपली फक्त समजूत असते.

प्रश्न : मराठी शीर्षक दिलं की लिंक व्हॉट्सअॅपवर हातभर लांब होते. आणि माझ्या लेखात सगळ्या 'दऱ्या' 'दर्या' का झाल्यात? (नाशिक)

उत्तर : लिंकचं आधी. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन खुणांनी लिहिलं जातं, आणि काना-मात्रा-अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० खुणांवर तोडतो, म्हणजे तुमच्या वाट्याला जेमतेम बावीस चिन्हं. 'वरंधा घाटातून भोर ते महाड पावसाळ्यात' या शीर्षकाचा पत्ता 'महाड'पाशी संपतो. मग हिवाळ्यात त्याच वाटेवर लिहिलंत की पत्ता पुन्हा तोच, फक्त शेवटी २ जोडलेला. पावसाळा कुठला आणि हिवाळा कुठला, पत्त्यावरून कळणार नाही. ब्लॉगर तर मराठी शीर्षक पाहून हात वर करतो आणि सगळ्या लेखांना 'ब्लॉग-पोस्ट' असंच नाव देतो, पुढे फक्त आकडे. म्हणून पत्ता स्वतः, छोट्या रोमन अक्षरांत लिहा : घाटाचं नाव आणि वर्ष. प्रसिद्ध करण्याआधीच. नंतर बदललात तर आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात.

आता दऱ्या. हा अर्धा र, ज्याला शाळेत डोळ्याच्या पापणीसारखा म्हणायचे, तो 'ऱ' या वेगळ्या अक्षरापासून होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की मिळतो. काही कळफलक त्याऐवजी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरतात. एका अॅपमधून दुसऱ्यात चिकटवताना ती अदृश्य खूण गळाली की रफार डोक्यावर चढतो, आणि तुम्ही सह्याद्रीच्या दऱ्या उतरता उतरता समुद्रात. ढाब्यावरच्या 'आचाऱ्यांना' नमस्कार करायचा तर 'आचार्यांना' होतो. लेख चिकटवल्यावर 'र्य' शोधून काढा आणि एकेक तपासा. सरसकट बदलू नका, नाहीतर सूर्यास्ताचा 'सूऱ्यास्त' होईल.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइली असतील तर तो फॉन्ट संगणकात आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. आणि नोटपॅडमध्ये जतन करताना यूटीएफ-८ निवडा. 'एएनएसआय' निवडलंत तर पुढच्या वेळी पानभर प्रश्नचिन्हं भेटतील, आणि त्यांचं उत्तर या सदरातही नाही.

प्रश्न : फोन हँडलवर लावतो. आता फोटो थरथरतात, फोकस होत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा गेली असावी. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची कंपनं थेट फोनला पोहोचली तर कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. नकाशासाठी जुना फोन हँडलवर लावा, रबरी डॅम्पर असलेल्या होल्डरमध्ये. फोटोचा फोन जॅकेटच्या खिशात. चार्जर लावत असाल तर तो इग्निशनवरूनच घ्या, मध्ये फ्यूज टाका. थेट बॅटरीवर लावलेला चार्जर गाडी उभी असतानाही थोडा करंट ओढत राहतो.

प्रश्न : स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं होतं, ऑटो-रिन्यू चालू. तरी मुदत संपली आणि ब्लॉग बंद. ईमेलही आला नाही. (बंगळूर)

उत्तर : १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी तुमची रीतसर मंजुरी नोंदलेली लागते. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ही नोंद नसली की व्यवहार बँकेतच अडतो. तेव्हा ऑटो-रिन्यू असलं तरी मुदतीच्या महिनाभर आधी फोनमध्ये आठवण लावा, जमल्यास एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरा. ईमेल न येण्याचं कारण बहुधा हे : खात्याला त्याच डोमेनचा ईमेल दिलेला असणार. डोमेन थांबलं की इशाऱ्याची पेटीही थांबली. तिथे साधा, वेगळा ईमेल द्या. आज लगेच कंपनीशी बोला. मुदत संपल्यावरही काही काळ मूळ मालकाला नाव जादा शुल्क भरून सोडवता येतं, मग ते बाजारात जातं.

प्रश्न : लडाखमधून रोज पोस्ट टाकता येईल का? (अहिल्यानगर)

उत्तर : महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. लेह सोडल्यावर तेही मधूनमधूनच. रोज लिहा, पण टाका लेहला परतल्यावर. फोटो चाळताना मागे लष्करी ठाणं, पूल किंवा ताफा आलाय का ते बघा. आला असेल तर तो फोटो टाकू नका.